पाटलिणीची पहिली मूठ

"बाई, तिला भाईर काढू नगा," असं म्हणून धोंडीमामा पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

मी हातातली जाळी खाली ठेवली नाही. आत कोपऱ्यातल्या दगडावर पाटलीण नावाची माकडीण बसली होती. तिच्या डाव्या मांडीची कातडी तळहाताएवढी फाटून लोंबत होती आणि आतलं लाल मांस दिसत होतं. लुगड्याचा फाटका काठ बघावा तशी ती कातडी बोटानं उचलून बघायची आणि सोडून द्यायची. नोकरी लागून तीनच महिने झाले होते, आणि तोवर माझ्या हाताखालून गेल्या होत्या त्या म्हशी, शेळ्या आणि एका मोराचा मोडका पाय.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नगरपालिकेचं ते लहानसं प्राणिसंग्रहालय होतं आणि मी तिथली पहिली डॉक्टरीण. धोंडीराम माने माकडांच्या पिंजऱ्यावर एकतीस वर्षं होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. पिंजऱ्यात बावीस माकडं होती. थोडी मदाऱ्यांकडून सोडवून आणलेली, बाकीची इथंच जन्मलेली. फौजदार नावाचा एक दांडगा नर होता, पण कारभार पाटलिणीचा. तिच्या खालोखाल तिच्या दोन लेकी, थोरली आणि धाकली. त्यांच्या खाली सावळी नावाची मादी आणि तिचं मोठं खटलं. सगळ्यात शेवटी मदाऱ्याच्या हातून सुटून आलेली टिकली, जी कुणी खोकलं तरी दचकायची.

मामांची रोजची एक रीत होती. सकाळी भिजवलेल्या हरभऱ्यांची टोपली घेऊन ते पुढच्या जाळीशी यायचे आणि पहिली मूठ पाटलिणीला द्यायचे, तिच्या हातात. तिनं घेईपर्यंत दुसरं माकड टोपलीकडे बघायचंही नाही. मग लेकी, मग सावळीचं घर, आणि शेवटी टिकली. लग्नातल्या मानापानासारखं सगळं चालायचं. मला त्याचं हसू यायचं. मी एकदा म्हटलंही, की मामा, टिकली उपाशी राहते, तिला आधी द्या. त्यावर ते म्हणाले होते की टिकलीला आधी दिलं तर टिकली मरेल. हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा आहे, असं मी धरून चालले.

आदल्या दिवशी भांडण कशावरून झालं ते कुणी पाहिलं नव्हतं. मामांचं म्हणणं होतं की चावा फौजदाराचा आहे, विणीच्या दिवसांत असं होतं, आणि माकडाची जखम वाऱ्यानं भरते. केळ्यात औषध घालून द्या, फार तर लागूनच्या कोठीत, त्या छोट्या खणात, घ्या आणि मधली जाळी झाकू नका, म्हणजे तिची माणसं तिला दिसतील, तीही त्यांना दिसेल. 'तिची माणसं' हाच शब्द त्यांनी वापरला. मी म्हटलं, कोठीत माश्या आहेत, जखम चिघळेल, आणि डॉक्टर मी आहे. हे शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं म्हटलं. मामा दारातून बाजूला झाले.

टाके सुंदर पडले. चौदा. माकड टाके उपसून काढतं म्हणून मी ते कातडीच्या आतून घातले होते, आणि रात्री खोलीवर येऊन आईला पत्र लिहिलं की आज मी एक मोठं ऑपरेशन केलं. पाटलिणीला मी दवाखान्यात ठेवलं. दवाखाना पिंजऱ्यापासून दोनशे पावलांवर, हरणांच्या पलीकडे. तिथून तिला कुणी दिसत नव्हतं, आणि तिचा आवाजही कुणाला जात नव्हता.

पहिले दोन दिवस पिंजऱ्यात नुसता गोंगाट होता. तिसऱ्या दिवशी तो थांबला आणि मला बरं वाटलं. मामांना वाटलं नाही. ते मला बोलावून घेऊन गेले आणि म्हणाले, बघा. बघण्यासारखं काहीच नव्हतं. माकडं बसली होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की कुणी कुणाच्या उवा काढत नव्हतं. एरवी दुपारी बायका ओसरीवर बसाव्यात तशी ती एकमेकांच्या अंगात बोटं घालून बसलेली असायची. आता प्रत्येक जण पाठ भिंतीला लावून बसला होता आणि दुसऱ्याचे हात बघत होता. थोरली आणि धाकली वरच्या फांदीवर एकमेकींना घट्ट धरून होत्या.

"घर बसायला आलंय," मामा म्हणाले. "तिला आजच कोठीत आणा."

मी म्हटलं, टाके ओले आहेत.

त्या दिवसांत मामा सकाळी मूठ कुणाच्याच हातात देत नव्हते. टोपली उपडी करून हरभरे सगळीकडे उधळायचे, म्हणजे पहिला कोण हा प्रश्नच नको. आठव्या दिवशी त्यांची सुट्टी होती. टोपली मी घेतली. जाळीशी जाते तोच सावळी सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि हात पुढे केला. अगदी शहाण्यासारखी बसली होती. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. मी मूठ तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, पण खाल्ली नाही. आधी वळून तिनं वरच्या फांदीकडे पाहिलं. मग उठली आणि पाटलिणीच्या दगडावर जाऊन बसली. तिथं बसून तिनं हरभरे खाल्ले, सावकाश. त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

दहाव्या दिवशी जखम भरली. मला वाटत होतं की आपण पाटलिणीला परत सोडू, ती घरी जाईल आणि सगळी तिच्याभोवती जमतील, दवाखान्यातून सुटून आलेल्या माणसाभोवती जमतात तशी. मामांनी सांगितलं की आठ दिवस तरी कोठीत राहू द्या, जाळीतून ओळख पटू द्या. मी दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत सावळीचं खटलं कोठीच्या जाळीशी येऊन पाटलिणीला दात दाखवून जायचं. पाटलीण तोंड फिरवून बसायची. मामांनी तेही मला दाखवलं. मी म्हटलं, रुसलीत, समोरासमोर आली की मिटेल.

कोठी आणि पिंजरा यांच्यामध्ये लोखंडी पत्र्याचं दार होतं, वरून खाली सरकणारं. ते उचलायला मागच्या बोळातून एक साखळी ओढावी लागे, आणि ओढून धरूनच ठेवावी लागे. सोडली की दार खाली. बोळ एवढा अरुंद होता की एका खांद्याला भिंत आणि दुसऱ्या खांद्याला कोठीची आणि पिंजऱ्याची जाळी लागायची. साखळी मी धरायची आणि मामांनी पुढच्या बाजूला टोपली घेऊन उभं राहायचं, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी मामांनी माझ्यासमोर कप्पीला तेल घातलं आणि मला एकदा साखळी ओढायला लावली. दार लोण्यासारखं वर गेलं.

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पाटलीण आत गेली की दार सोडा, नाहीतर ती परत पळून येईल आणि एकदा पाठ दाखवली की संपलं. पण मी हाक मारली तर लगेच उचला. ती कोठीत शिरली की सोडा. तिला पळायला तेवढी एकच वाट आहे.

सकाळचे साडेआठ झाले होते. मी साखळी ओढली. पाटलीण उंबऱ्याशी थांबली, खाली वाकून तिनं जमिनीचा वास घेतला आणि आत गेली. शेपूट वर, पूर्वीसारखी. मी दार सोडलं.

ती सरळ आपल्या दगडाकडे निघाली. दगडावर सावळी बसली होती. पाटलिणीनं नुसती भुवई उचलली. एवढ्यावर सावळी दहा वर्षं उठत आली होती. त्या दिवशी उठली नाही. सगळा पिंजरा स्तब्ध झाला. मग सावळीनं मान वळवून फौजदाराकडे पाहिलं, आणि फौजदार उठून तिच्या बाजूला येऊन उभा राहिला.

पुढचं मी सलग सांगू शकत नाही, कारण मला ते सलग आठवत नाही. किंकाळ्या आठवतात. नऊ-दहा माकडं एकावर तुटून पडली की त्यांचा एकच जीव होतो, त्याला कुठेही तोंड असतं. पाटलीण त्यातून निसटून दाराकडे आली, माझ्याच बाजूच्या पत्र्याच्या दाराकडे, आणि दोन्ही हातांनी ते खालून उचलायला लागली. तिची बोटं फटीतून बाहेर येत होती. तिच्या मागून सगळी आली. सावळीच्या थोरल्या पोरानं उडी मारली ती थेट माझ्या तोंडासमोरच्या जाळीवर. त्याचे सुळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. जाळी हलली, बोळातली धूळ माझ्या अंगावर पडली, त्याची थुंकी माझ्या चष्म्यावर उडाली.

"दार उचला," मामा ओरडले. "बाई, दार."

दार उचललं गेलं नाही.

त्यांनी दोनदा आणखी हाक मारली. मग पुढचं लहान फाटक उघडल्याचा आवाज आला आणि मामा पिंजऱ्यात दिसले. साठीला टेकलेला माणूस, एका हातात गोणपाट आणि दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचं पातेलं. पातेलं जाळीवर आपटत ते घोळक्यात शिरले, पाटलिणीवर गोणपाट टाकलं, तिच्यासकट ते पोटाशी धरलं आणि पाठमोरे फाटकाकडे सरकू लागले. फौजदारानं त्यांचा उजवा हात दातांत धरला. त्यानं दात सोडावेत म्हणून मामांनी हात झटकला नाही. झटकला असता तर गोणपाट सुटलं असतं. तसेच, फौजदाराला हाताला लोंबकळत घेऊन, ते फाटकापर्यंत आले. तिथं त्यानं हात सोडला. मामांनी पाटलिणीसकट स्वतःला बाहेर काढलं आणि कडी लावली. नेहमीसारखी, दोनदा तपासून.

पाटलीण वाचली. एक कान अर्धा गेला, पाठीवर चार खोल चावे, आणि मांडीवरची माझ्या चौदा टाक्यांची शिवण मात्र जशीच्या तशी. ते पाहून मला रडू फुटलं. मामांच्या हाताच्या दोन शिरा तुटल्या होत्या. सरकारी दवाखान्यात त्यांच्या हातावर ऑपरेशन झालं, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली, आणि डॉक्टर म्हणाले की दोन बोटं आता मिटणार नाहीत.

संध्याकाळी आमचे अधीक्षक इनामदारसाहेब त्यांना बघायला आले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. साहेब चांगले होते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. बसल्या बसल्या त्यांनी वही काढली. माणूस पिंजऱ्यात शिरला कसा, हे विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मागचं दार होतं ना? ते का उघडलं नाही, डॉक्टर शेवडे?"

मी खाटेच्या दांडीला धरलं.

"साखळी अडकली, सायेब," मामा उशीवरून म्हणाले. "तेल घालायचं माझ्याकडनंच ऱ्हाऊन गेलं."

साहेबांनी लिहून घेतलं. मी काही बोलले नाही.

साखळी अडकली नव्हती. ती माझ्या दोन्ही हातांत होती, तेल लावलेली, गार. मला फक्त ओढायची होती. ते पोरगं समोरच्या जाळीवर आदळलं आणि माझे हात माझे राहिले नाहीत. मामांच्या तिन्ही हाका मी ऐकल्या. पत्र्याखालून पाटलिणीची बोटं बाहेर येताना पाहिली. मनात एकच होतं, दार वर गेलं तर ती सगळी माझ्याकडे येतील. येणार नव्हती, मध्ये कोठी होती, कोठीला कुलूप होतं, हे मला ठाऊक होतं. पण पाचावर धारण बसली की ठाऊक असलेल्या गोष्टींचा काही उपयोग नसतो.

आठ दिवसांनी मामांच्या नावे ताकीदपत्र निघालं, देखभालीत हयगय केल्याबद्दल. एकतीस वर्षांत पहिलं. त्याची प्रत माझ्या टेबलावरून गेली, आणि 'पाहिले' म्हणून मी तिच्यावर सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

पुढचे तीन आठवडे मी माकडांच्या पिंजऱ्याकडे फिरकले नाही. हरणांच्या मागून लांबचा रस्ता घ्यायची. लांबून एखादं माकड ओरडलं तरी मी मागे फिरायची. पण खरी भीती माकडांची नव्हती. मामा कामावर परत येतील, माझ्याकडे बघतील, याची होती. राजीनामा लिहून मी पर्समध्ये ठेवला होता.

ते आले. हाताला पट्टी होती, दोन बोटं सरळ ताठ. माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला बाई, जरा काम हाय."

मी मुकाट्यानं मागून गेले. ते मला त्याच बोळात घेऊन गेले. माझे पाय बोळाच्या तोंडाशीच थांबले. मामा पुढे गेले, जाळी आणि माझ्यामध्ये उभे राहिले आणि साखळी माझ्या हातात दिली. म्हणाले, ओढा. मी ओढली. सोडा. सोडली. पुन्हा. आतून सावळीचं पोरगं पळत आलं आणि जाळीवर आदळलं. मामा हलले नाहीत. माझे हात थांबले होते, तर त्यांनी हळूच सांगितलं, "येऊ द्या. त्याला उडी मारायचीच सवय हाय. तुमी वढा." दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. घामानं माझं पोलकं भिजलं. तिसाव्या वेळी पोरगं कंटाळून निघून गेलं.

तेव्हा मला बोलता आलं. मी म्हटलं, "मामा, साहेबांना खोटं का सांगितलंत? मी भ्याले होते. तसंच लिहायला पाहिजे होतं. मी आजच जाऊन सांगते."



"पाटलिणीला तुमी भाईर काढलं, तवा काय म्हनलो व्हतो मी?" त्यांनी विचारलं. "जखम हाय, भरून यील. पन जखमंपायी कळपातनं भाईर काढलं की मग परत आत घेत न्हाईत. किती बी चांगलं टाकं घाला. कागदावर आलं असतं, बाई भ्याली, तर हितल्या मान्सांनी तुमाला परत पिंजऱ्याजवळ येऊ दिलं नसतं. आन् तुमी बी आला नसता. माझं काय, एक कागद लागला. वर्सानं मी घरी जानार. त्या कागदानं मला कोन चावतंय?"

"पण हात?"

"हात फौजदारानं चावला. तुमी न्हाई चावला."

मी साखळीला धरून रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले की पाटलिणीची मूठ राहिली आहे.

पाटलीण आता पलीकडच्या लहान पिंजऱ्यात होती, थोरली आणि धाकलीबरोबर. टिकलीलाही मामांच्या सांगण्यावरून तिकडेच हलवलं होतं. चारच जणी, पण उवा काढणं सुरू झालं होतं. मामांनी नेहमीसारखा टोपलीत हात घातला आणि मूठ वर काढली. दोन बोटं मिटेनात. हरभरे मधल्या फटीतून खाली गळाले. त्यांनी पुन्हा भरली, पुन्हा गळाले. मग त्यांनी हाताकडे बघितलं, टोपली माझ्यापुढे धरली आणि बाजूला झाले.

मी मूठ भरली. जाळीला खाली एक लहान चौकोनी खिडकी होती, तिच्यातून हात आत घालायचा होता. कोपरापर्यंत. पाटलीण पलीकडे बसली होती. अर्धा कान, पाठीवर खपल्या, मांडीवर माझ्या टाक्यांची सरळ रेघ. ती माझ्याकडेच बघत होती. ज्या दारापुढे ती मरत होती, त्या दाराशेजारच्या जाळीपलीकडे तिनं मलाच पाहिलं होतं. मी हात आत घातला.

लेकी हलल्या नाहीत. पाटलीण उठली, जवळ आली आणि माझ्या मुठीचा वास घेतला. मी डोळे मिटून घेतले. मग मनगटाभोवती तिची बोटं लागली, लहान, खरखरीत, गरम. मला वाटलं, आता.

चावा आला नाही. मी डोळे उघडले. माझा हात इतका थरथरत होता की हरभरे उडून पडत होते, म्हणून तिनं तो एका हातानं घट्ट धरून ठेवला होता, आणि दुसऱ्या हातानं ती एकेक दाणा उचलून खात होती.